प्रत्येक डोळ्याला आपलं चित्र

पाचशेची नोट घ्या. महात्मा गांधींचं चित्र असलेली बाजू वर ठेवा, नोट डोळ्यांच्या पातळीला आणा आणि किंचित कलती धरा. एरवी जिथे नुसती नक्षी दिसते तिथे ५०० हा आकडा उमटतो. नोट सरळ केली की आकडा गेला. तो दिसत असताना शेजारच्या माणसाला विचारा, त्याला तो दिसत नसतो. कागद एकच, शाई एकच, पण तुमच्या दिशेला जाणारं चित्र आणि त्याच्या दिशेला जाणारं चित्र निराळं.

या नोटा ज्या कारखान्यांत छापल्या जातात त्यांतला एक नाशिकरोडला आहे. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ सालची, आणि नोटा छापणारी तिची धाकटी बहीण करन्सी नोट प्रेस १९२८ सालची. तिथल्या उठावाच्या छपाईत शाई कागदावर इतकी जाड बसते की अंगठा फिरवला तर हाताला लागते. लपलेल्या आकड्याची सारी करामत या जाडीत आहे. आकड्याच्या भागातल्या बारीक रेघा एका दिशेने जातात आणि भोवतालच्या रेघा त्यांना काटकोनात. वरून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दाट वाटतात. तिरपं पाहिलं की नजरेला आडव्या येणाऱ्या उंच रेघा आपल्यामागचा कोरा कागद झाकतात आणि नजरेच्या दिशेने धावणाऱ्या रेघांमधला कागद उघडा राहतो. एक भाग गडद झाला, दुसरा फिका राहिला आणि आकडा दिसला.

चष्म्याशिवाय अनेकांना एकाच वेळी दिसणारा त्रिमितीय पडदा करायचा, तर नेमकं हेच करायचं असतं: एकाच पृष्ठभागावरून वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळी चित्रं पाठवायची. नोटेला दोन दिशा सांभाळाव्या लागतात. पडद्याला शेकडो सांभाळाव्या लागतात, त्याही दर सेकंदाला साठ वेळा बदलत. सगळी अडचण या संख्येत आहे आणि हे प्रकरण त्या संख्येबद्दल आहे.

आधी डोळ्यांकडे पाहू. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे समोरच्या वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रं मेंदूकडे जातात आणि त्यांच्या फरकावरून मेंदू खोली ताडतो. याशिवाय आणखी एक खूण असते, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. डोकं हलवलं की जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंपुढून सरकतात आणि झाकलेलं काहीतरी उघडं पडतं. एका डोळ्याने अधू असलेली व्यक्तीही याच खुणेवर गाडी चालवते, जिने उतरते.

चष्मा लावून पाहायच्या चित्रपटात पहिली खूण मिळते, दुसरी मिळत नाही. १९८४ सालच्या 'माय डियर कुट्टिचात्तन' या मल्याळम चित्रपटाचं हिंदी रूप, 'छोटा चेतन', ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवत असेल की पडद्यातून बाहेर आलेली वस्तू थिएटरातल्या प्रत्येकाला थेट आपल्याच नाकासमोर आल्यासारखी वाटायची. २०१३ साली मराठीत 'झपाटलेला २' त्रिमितीत आला, तोही याच पद्धतीचा. पडद्यावर फक्त दोन चित्रं असतात. चष्मा एक उजव्या डोळ्याला देतो, दुसरं डाव्याला, आणि हजार प्रेक्षक असले तरी हजारांना तीच दोन. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून नटाचा कान जास्त दिसायला हवा, तो दिसत नाही. म्हणून चष्मा काढून टाकण्यात डोळ्यांची सोय तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःची जागा परत मिळते. डावीकडचा माणूस डावी बाजू पाहतो, उजवीकडचा उजवी, आणि दोघं एकाच वस्तूबद्दल बोलू शकतात.

हे साधल्याचा दावा अनेक ठिकाणी होतो. तो खरा असतोच असं नाही. २३ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीत नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा 'होलोग्राम पुतळा' उजळला. २८ फूट उंच, ६ फूट रुंद. त्यासाठी ३० हजार ल्युमेनचा ४के प्रोजेक्टर आणि ९० टक्के पारदर्शक पडदा वापरला होता. दृश्य भव्य होतं, पण पारदर्शक पडद्यावर पडलेलं ते एक सपाट चित्र होतं. भोवती फिरून कुणाला नेताजींची पाठ दिसली नसती. निवडणुकीच्या प्रचारात नेत्याची प्रतिमा एकाच वेळी अनेक गावांच्या व्यासपीठांवर उभी करण्याचा प्रयोग २०१२ साली गुजरातेत आणि २०१४ साली देशभर झाला. त्याच्यामागे त्याहून जुनी युक्ती होती. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर काच तिरकी उभी करून तिच्यात लपलेल्या नटाचं प्रतिबिंब दाखवलं आणि प्रेक्षकांना भूत दिसलं. आता काचेच्या जागी ताणून बसवलेला पातळ पारदर्शक पडदा असतो आणि नटाच्या जागी प्रोजेक्टर.

या युक्तीला कमी लेखायचं कारण नाही. आपला चित्रपट अशाच जादूच्या घरातून आला. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले, रविवर्मा यांच्या छापखान्याशी संबंधित काम केलं आणि जादूचे प्रयोगही केले, तेही आडनाव उलटं वाचून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत झळकला. त्याच वर्षी त्यांनी कारखाना नाशिकला आणला आणि 'मोहिनी भस्मासुर' इथे केला. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून माणसं अदृश्य करायची, देव प्रकट करायचे, हे त्यांचं हुकमी अस्त्र होतं. पण त्यांच्या पडद्यावरचा कृष्ण पुढच्या रांगेला आणि मागच्या रांगेला अगदी एकच दिसायचा. पुढची शंभर वर्षं चित्रपटाने ही अट मोडली नाही.

ती मोडण्याचा विचार मात्र फाळक्यांच्या तरुणपणीच झाला होता. १९०३ साली अमेरिकेत फ्रेडरिक आइव्हस यांनी दोन छायाचित्रांच्या बारीक उभ्या पट्ट्या केल्या, एकाआड एक रचल्या आणि त्यांच्यापुढे थोड्या अंतरावर उभ्या फटींची जाळी ठेवली. फटीतून उजव्या डोळ्याला एका छायाचित्राच्या पट्ट्या दिसतात, डाव्याला दुसऱ्याच्या. जाळी बराच प्रकाश खाते, म्हणून पुढे फटींच्या जागी उभ्या नळीदार भिंगांचा पत्रा आला. तो तुम्ही नक्की हाताळला आहे. पंचवटीत, त्र्यंबकला, वणीच्या गडावर, कुठल्याही देवस्थानाबाहेरच्या दुकानांत देवाची अशी तसबीर मिळते की इकडून पाहिली तर शंकर, तिकडून पाहिली तर पार्वती. तिच्यावर नखाने आडवं खरवडलं तर खरखर आवाज येतो, कारण वरचा प्लॅस्टिकचा थर उभ्या बारीक भिंगांचा असतो. प्रत्येक भिंगाखाली वेगवेगळ्या चित्रांच्या पट्ट्या शेजारी शेजारी छापलेल्या असतात आणि भिंग एकेक पट्टी एकेका दिशेला पाठवतं. दोन निराळे देव न छापता एकाच मूर्तीची दहा-बारा बाजूंनी घेतलेली छायाचित्रं छापली की तसबिरीला खोली येते. आज बाजारात असलेले चष्म्याविना पाहायचे बहुतेक पडदे म्हणजे ही तसबीरच, फक्त छापील कागदाच्या जागी एलसीडी किंवा ओएलईडी.

१९०८ साली फ्रान्सचे गाब्रिएल लिपमान त्याहून पुढे गेले. त्या वर्षी त्यांना रंगीत छायाचित्रणाच्या निराळ्या शोधासाठी नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी त्यांनी ही कल्पना मांडली. नळीदार भिंगांऐवजी माशीच्या डोळ्यासारखी गोल बारीक भिंगं, हजारो, जवळजवळ. प्रत्येक भिंग आपल्यापुरतं दृश्याचं एक छोटं छायाचित्र टिपतं. तीच भिंगं वापरून ती छायाचित्रं परत प्रकाशित केली की प्रकाश आला होता त्याच वाटांनी परत जातो आणि वस्तू हवेत उभी राहते, डावी-उजवीकडूनच नव्हे तर वर-खालूनही बदलणारी. तशी भिंगं तेव्हा करता येत नव्हती आणि दृश्यात जवळचं ते दूर, दूरचं ते जवळ असा उलटाही घोळ होई. पण पाया पक्का होता. आज 'लाइट फील्ड' या नावाने जे काही विकलं जातं त्याचा पूर्वज लिपमान यांचा हा निबंध आहे.

आता संख्येकडे वळू. २०११ साली तोशिबाने ५५ इंची चष्मामुक्त त्रिमितीय टीव्ही बाजारात आणला. पडदा ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. तो नऊ दिशांना नऊ चित्रं पाठवत असे आणि कॅमेऱ्याने समोरच्यांचे चेहरे हेरून ती चित्रं त्यांच्या बाजूला वळवत असे. ८३ लाखांना नऊने भागा. प्रत्येक चित्राच्या वाट्याला ९ लाख २१ हजार ६०० ठिपके, म्हणजे नेमकं १२८० गुणिले ७२०. ४केचे पैसे मोजून घरात साधी एचडी यायची. भांड्यात वरण तेवढंच आणि पंगत वाढत चालली, असं या पडद्यांचं कायम होतं. तोशिबाचा टीव्ही टिकला नाही. मागणीही नव्हती आणि हे गणितही साथ देत नव्हतं.

नऊ दिशा पुरत का नाहीत, हे मोजून पाहण्यासारखं आहे. समजा पडदा ५० अंशांच्या पंख्यात ४५ चित्रं सोडतो. एका चित्राला एक अंशाहून थोडं जास्त मिळालं. मीटरभर अंतरावर त्या चित्राची पट्टी सुमारे दोन सेंटिमीटर रुंद होते, म्हणजे तुमच्या दोन डोळ्यांत तीन पट्ट्यांचं अंतर पडतं. छान खोली दिसते, डोकं हलवलं तर चित्र सुरळीत फिरतं. आता चार मीटर अंतरावर जा. पट्टी पावणेआठ सेंटिमीटर रुंद झाली. दोन्ही डोळे एकाच पट्टीत मावू लागले, दोघांना तेच चित्र मिळालं आणि खोली संपली. वीस मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला तीन सेंटिमीटरची पट्टी द्यायची तर त्याच पंख्यात सुमारे ५८० चित्रं हवीत. चष्म्याविना त्रिमितीचं मोठं थिएटर अजून का नाही, याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

अमेरिकेच्या लुकिंग ग्लास कंपनीचे पडदे ४५ ते १०० चित्रं दाखवतात आणि समोर जमलेल्या चारसहा जणांना एकाच वेळी दिसतात. ४के पडद्यावर ४५ चित्रं म्हणजे प्रत्येकी १ लाख ८४ हजार ठिपके, जुन्या जाड टीव्हीपेक्षाही कमी. प्रत्यक्षात मेंदू दोन डोळ्यांची आणि शेजारच्या पट्ट्यांची माहिती जोडून घेतो म्हणून चित्र तितकं भुरकट वाटत नाही. तरी पडद्याच्या पृष्ठभागापासून फार पुढे किंवा फार मागे असलेल्या वस्तू धूसर होतात, आणि पंख्याची कड ओलांडली की चित्र झटकन उडी मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. भिंगं उभी असल्यामुळे मान आडवी केली की खोलीही जाते. ही शेवटची तडजोड शहाणपणाची आहे, असं माझं मत आहे. आपले डोळे शेजारी शेजारी आहेत, वर-खाली नाहीत. वर-खालीची हालचाल सोडून दिली तर लागणाऱ्या चित्रांची संख्या वर्गमुळावर येते.

मोठ्या कंपन्यांनी या संख्येला वळसा घातला. सोनीचा २०२० सालचा पडदा आणि गुगलने २०२१ साली दाखवलेला दूरसंवादाचा 'स्टारलाइन' समोरच्या माणसाचे डोळे कॅमेऱ्याने शोधतात आणि फक्त त्या दोन डोळ्यांना दोन चित्रं पाठवतात. सगळे ठिपके दोघांतच वाटले जातात, म्हणून चित्र थक्क करणारं स्वच्छ. मात्र दुसरा माणूस आला की त्याच्यासाठी काही उरत नाही. घरातल्या बैठकीला, वर्गाला, दवाखान्याला हे चालणार नाही. आपल्याकडे पाहणं ही एकट्याने करायची गोष्ट फारशी नसते.

मग खरा होलोग्राम? तो या सगळ्यांहून वेगळ्या तत्त्वावर चालतो. हंगेरीत जन्मलेले डेनिस गाबोर १९४७ साली इंग्लंडमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत होते. वस्तूवरून आलेली प्रकाशलहर आणि एक साधी लहर यांचं व्यतिकरण, म्हणजे दोन्ही एकमेकींत मिसळून उमटणारी रेघांची नक्षी, फिल्मवर नोंदवलं, तर वस्तू नसतानाही तिची लहर जशीच्या तशी परत उभी करता येईल, हे त्यांनी दाखवलं. लेझर १९६० साली आला आणि मग मिशिगन विद्यापीठातले लीथ आणि उपाटनिक्स यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम केला. सोव्हिएत संघात युरी डेनिस्युक यांनी साध्या पांढऱ्या उजेडात दिसणारा प्रकार शोधला. गाबोर यांना १९७१ साली नोबेल मिळालं. अशा काचेभोवती दहा माणसं उभी राहिली तर दहा जणांना दहा बाजू दिसतात, नजरेचं केंद्रही खऱ्या वस्तूसारखंच जुळतं, डोळे शिणत नाहीत. पट्ट्या, उड्या, पंख्याची कड, काही नाही.

तुमच्या खिशातल्या बँकेच्या कार्डावर किंवा मतदार ओळखपत्रावर चमकणारा तुकडा याच घराण्यातला आहे. १९६८च्या सुमारास पोलरॉइड कंपनीत स्टीफन बेंटन यांनी वर-खालीची हालचाल सोडून देऊन इंद्रधनुषी होलोग्राम बनवला. साध्या दिव्याखाली तो दिसू लागला, छापता येऊ लागला, आणि १९८३ पासून मास्टरकार्डवर आला. तसबिरीच्या नळीदार भिंगांनी केलेली तडजोड तीच इथेही, पूर्णपणे वेगळ्या वाटेने येऊन.

पण हे सगळे थिजलेले होलोग्राम. हलणारा करायचा तर व्यतिकरणाच्या रेघा दर क्षणाला नव्या आखाव्या लागतात, आणि त्या प्रकाशलहरीच्या लांबीइतक्या बारीक असतात. आज होलोग्रामसाठी वापरल्या जाणाऱ्या चांगल्या पडद्यांचा ठिपका सुमारे ४ मायक्रॉनचा असतो. त्यावरून हिरवा प्रकाश जेमतेम साडेसात अंशांत वळतो, म्हणजे एकाच माणसाला, तेही जपून उभं राहिलं तर दिसणार. साठ अंशांच्या पंख्यासाठी ठिपका अर्ध्या मायक्रॉनवर यायला हवा. ५० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच पडदा घेतला तर आडवे १० लाख आणि उभे ६ लाख, एकूण ६० हजार कोटी ठिपके. आजच्या ४के टीव्हीच्या बहात्तर हजार पट. ते सेकंदाला साठ वेळा बदलायचे. बेंटन यांनीच १९८९ साली एमआयटीत सहकाऱ्यांसह पहिला हलता होलोग्राम दाखवला, तेव्हा महासंगणक जोडूनही चित्र अडीच सेंटिमीटरचं होतं. २०२० साली सॅमसंगच्या संशोधकांनी प्रकाशाची दिशा वळवणारा पातळ पडदा करून पाहण्याचा कोन तीस पटींनी वाढवला. तोही एकाच प्रेक्षकामागे धावणारा.

एक तिसरी वाटही आहे, ती थोडक्यात सांगतो. पडदा एका जागी ठेवायचाच नाही. ऑस्ट्रेलियाची व्हॉक्सॉन कंपनी एक पडदा वेगाने वर-खाली हलवते आणि त्याच्या प्रत्येक उंचीवर वस्तूचा त्या उंचीचा काप प्रकाशित करते. चारही बाजूंनी बसून पाहता येतं, कोनाची मर्यादा नाही. अडचण अशी की प्रकाश प्रकाशाला झाकत नाही, म्हणून कवटी दाखवली तर तिच्या आरपार मागचं हाड दिसतं. शरीरशास्त्राला ते चालेल, माणसाचा चेहरा मात्र भुतासारखा दिसेल.

म्हणजे पुढची दहा वर्षं तरी काम होणार ते टेबलाभोवतीच्या चार-आठ माणसांसाठी, दोन मीटरच्या आत. ही मर्यादा मला निराशेची वाटत नाही, कारण अशा बैठकींची नाशिकला वाण नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथे आहे. राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हृदयाच्या झडपा सपाट चित्रांवर शिकाव्या लागतात, आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशी मागच्या रांगेला फारसं काही दिसत नाही. ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये सुखोई-३० विमानं जोडली गेली आणि इथेच तयार झालेलं पहिलं तेजस एमके-१ए १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडालं. विमानाच्या पोटातल्या नळ्या आणि तारा कुठून कशा जातात यावर चार अभियंत्यांनी एकाच वेळी बोट ठेवून बोलणं, हेही याच पडद्याचं काम. आणि पांडवलेणी. ज्या गुडघ्यांना तिथल्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्यासाठी पायथ्याशी सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचं तिसरं लेणं आजी आणि नातवाला आपापल्या उंचीवरून एकत्र पाहता आलं, तर त्यासाठी खर्च केलेला पैसा मी सार्थकी लागला असं म्हणेन. फाळक्यांचं स्मारकही त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे.

नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. गर्दीच्या शहरांत 'होलोग्राम' विकायला येणाऱ्यांची कमतरता नसते, आणि त्यांतले बहुतेक पेपर यांची काच किंवा फिरत्या पात्यांवरचे दिवे घेऊन येतात. वस्तुसंग्रहालय, महाविद्यालय, देवस्थान किंवा महापालिका, कुणीही असा पडदा घेणार असेल तर कागद पाहण्याआधी पडद्यासमोर दोन माणसं उभी करावीत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि चित्रातल्या चेहऱ्याचा कोणता कान दिसतो हे दोघांना विचारावं. मग चार मीटर मागे नेऊन पुन्हा विचारावं. दोघांची उत्तरं सारखी आली तर ते सपाट चित्र आहे, आणि सपाट चित्राचा भाव खऱ्या त्रिमितीय पडद्याहून पुष्कळ कमी असतो.